शून्याचीही नोंद

मोजदाद हा शब्द व्यापारी घरांना परका नाही. वर्षाअखेरीस दुकानातील माल मोजला जातो, दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन होते आणि मोजल्याशिवाय नफा-तोटा कळत नाही, हे वाक्य लहानपणापासून कानांवर पडलेले असते. मात्र अंगणात, गच्चीवर किंवा गोदामामागच्या मोकळ्या जागेत जे उडते आणि रांगते त्याचीही कोणी मोजदाद करते, असे ऐकले की पुष्कळांना नवल वाटते. फुलपाखरे काय मोजायची? ती आज आहेत, उद्या नाहीत. वस्तुतः आज आहेत आणि उद्या नसतील, म्हणूनच ती मोजावी लागतात.

भारतात २०२० पासून सप्टेंबर महिना फुलपाखरांच्या गणनेसाठी राखला जाऊ लागला आहे. ‘बिग बटरफ्लाय मंथ’ या नावाने गावोगावचे हौशी निरीक्षक या काळात टेकड्या, शेतांचे बांध आणि बागा पालथ्या घालतात. महाराष्ट्राचा या विषयाशी विशेष संबंध आहे. स्वतःचे राज्य फुलपाखरू घोषित करणारे हे देशातील पहिले राज्य. २०१५ साली हा मान ‘ब्लू मॉरमॉन’ या काळ्या-निळ्या, मोठ्या फुलपाखराला मिळाला आणि पुढे त्याला ‘नीलवंत’ असे सुरेख मराठी नावही लाभले. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५७ मध्ये भारतीय प्रदेशातील फुलपाखरांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे लेखक विंटर-ब्लाइथ हे व्यवसायाने शिक्षक, राजकोटच्या राजकुमार कॉलेजचे प्राचार्य होते. म्हणजे या अभ्यासाची परंपरा हौशी माणसांनीही तितक्याच निष्ठेने जोपासलेली आहे.

भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आढळतात. ब्रिटनमध्ये त्या जेमतेम साठ आहेत. तथापि एका बाबतीत तो देश आपल्यापुढे आहे. आपल्याकडे याद्या आहेत, त्यांच्याकडे हिशेब आहे. यादी ‘काय आहे’ एवढेच सांगते. ‘किती होते आणि किती उरले’ हे सांगण्यासाठी वर्षानुवर्षे चालवलेली वही लागते. अर्नेस्ट पोलार्ड या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात त्यासाठी एक साधी रीत बसवली आणि १९७६ पासून ब्रिटनमध्ये त्या रीतीने राष्ट्रीय पातळीवर नोंदी ठेवल्या जात आहेत. एक पायवाट ठरवायची. तिचे तुकडे पाडायचे. ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या वेळी, संथ व एकसारख्या गतीने त्या वाटेवरून चालायचे. डावीकडे अडीच मीटर, उजवीकडे अडीच मीटर, पुढे पाच मीटर आणि वर पाच मीटर अशी एक अदृश्य चौकट मनात धरायची आणि तिच्यात दिसेल तेवढेच फुलपाखरू कागदावर उतरवायचे. या नोंदींतून व जोडीच्या इतर पाहण्यांतून २०२२ साली जो अहवाल निघाला, त्याने १९७० च्या दशकापासून त्या देशातील ऐंशी टक्के जातींची संख्या किंवा व्याप्ती किंवा दोन्हीही घटल्याचे दाखवून दिले. अमेरिकेतील अशाच नोंदी एकत्र करून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २००० ते २०२० या वीस वर्षांत फुलपाखरांची एकूण संख्या बावीस टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. आपल्या गावचा आकडा कोणी विचारला तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. वही नसलेल्या दुकानाचा तोटाही दिसत नाही.

या रीतीचा आणखी एक गुण जैन वाचकांना विशेष भावेल. एके काळी फुलपाखरांचा अभ्यास म्हणजे जाळे, विषारी बाटली आणि टाचणी असे समीकरण होते. पेटीत ओळीने टोचलेले पंख ही विद्वत्तेची खूण मानली जाई. या गणनेत कशालाही स्पर्श होत नाही. डोळे, दुर्बीण, कॅमेरा आणि कागद एवढ्यावर काम भागते. आपल्याकडे माशी, भुंगा, फुलपाखरू यांना चतुरिंद्रिय जीवांत गणले जाते आणि पावसाळ्यात जीवसृष्टी उदंड होते म्हणूनच साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी स्थिर राहतात. गणना करणारेही नेमके हेच उदंडपण मोजायला बाहेर पडतात. चार हात पुढची भूमी पाहून जपून पाऊल टाकण्याची ईर्यासमिती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही संथ, पुढची चौकट न्याहाळत होणारी चाल अनोळखी वाटणार नाही.

अशीच एक गणना पुण्याच्या पश्चिमेकडील एका टेकडीवर सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी झाली. प्रमुख होते वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांना सगळे नुसतेच ‘सर’ म्हणत. दोन महाविद्यालयीन विद्यार्थी छायाचित्रे घेण्यासाठी होते. बारा वर्षांची एक मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी आली होती आणि तिला एकटी कशी पाठवायची म्हणून तिचे आजोबा सोबत आले होते. आजोबा मार्केट यार्डातले जुने भुसार व्यापारी. त्यांना सर ‘शेठजी’ म्हणू लागले आणि ते नाव दिवसभर टिकले.

शेठजी भल्या पहाटे उठणारे. सहालाच यायला हवे होते, उशीर झाला, असे त्यांना वाटत होते. सरांनी खुलासा केला, की पक्षी पाहायचे तर पहाटे यावे, फुलपाखरांना मात्र ऊन लागते. त्यांचे रक्त आपल्यासारखे स्वतःहून उष्ण राहत नाही. रात्रीच्या गारठ्यानंतर पंख उन्हात पसरून अंग तापवल्याखेरीज त्यांना धड उडता येत नाही. त्यामुळे सुरुवात साडेनऊला झाली. कागदाच्या शिरोभागी तारीख, वेळ, तापमान, ढग किती आणि वारा कसा हे आधी लिहिले गेले. एक किलोमीटरच्या वाटेचे दोनशे-दोनशे मीटरचे पाच तुकडे होते. लिहिण्याचे काम मुलीकडे आले. प्रत्येक फुलपाखरामागे एक उभी रेघ, आणि पाचवी रेघ चौघींवर आडवी.

पहिल्या तुकड्यात दोन्ही बाजूंना टाकळा माजला होता. त्यावरून चिमुकली पिवळी फुलपाखरे जमिनीलगत भिरभिरत होती. हे कॉमन ग्रास यलो. रेघा भराभर वाढू लागल्या. सरांनी टाकळ्याचे एक पान न तोडता नुसते उलटून धरले आणि मुलीच्या हाती भिंग दिले. पानाच्या पाठीवर तांदळाच्या कणीहूनही लहान, पांढरे, दोन्ही टोकांना निमुळते अंडे चिकटलेले होते. जवळच पानाच्याच रंगाचा, सुतासारखा एक सुरवंट होता. तो दाखवल्याशिवाय दिसला नाही.

“म्हणूनच दादीजी चातुर्मासात पालेभाजी खात नाहीत ना?” मुलीने आजोबांकडे वळून विचारले.

शेठजींनी भिंग घेतले आणि बराच वेळ डोळ्यांपासून दूर केले नाही. “पाळत आलो सगळे,” ते म्हणाले, “पाहिले मात्र आज.”

दुसऱ्या तुकड्यात रुईची झुडपे होती. त्यांवर केशरी पंखांचे, काळी-पांढरी किनार असलेले प्लेन टायगर संथपणे उडत होते. रुईचा चीक विषारी असतो. या फुलपाखराचा सुरवंट तीच पाने खातो आणि ते विष अंगात साठवतो. त्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत आणि म्हणूनच त्याला उडण्याची घाई नसते. मुलीने एकामागून एक तीन रेघा ओढल्या. चौथी ओढताना सरांनी थांबवले. घाणेरीवर बसलेले ते फुलपाखरू अगदी तसेच दिसत होते, पण ते डॅनेड एगफ्लाय जातीची मादी होती. तिच्या अंगी विष नसते. ती केवळ विषारी फुलपाखराचा वेष धारण करते आणि त्याच्या भयाने वाचते. ओळखण्याची खूण मागच्या पंखावर असते. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. तोतया मादीच्या तेथे ते नसतात, वरच्या कडेला एकच ठळक ठिपका असतो. मुरलेला रोखपाल नोट उन्हाकडे धरून जशी पाहतो, तसे दोघे विद्यार्थी दुर्बिणीतून ते ठिपके मोजत राहिले. खात्री झाल्यावरच स्वतंत्र ओळीत रेघ पडली. खात्री झाली नसती तर ‘ओळख निश्चित नाही’ असे लिहिले गेले असते. अंदाजाने नाव लिहिण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे, असे सरांनी बजावले. त्या मादीची अंडी घोळीच्या पानांवर असतात, हेही त्यांनी जाता जाता सांगितले. घोळ म्हणजे वाफ्यातून उपटून फेकली जाणारी, फार तर भाजीला उपयोगी पडणारी क्षुद्र वनस्पती.

तिसऱ्या तुकड्यात प्रवेश करताच सर्वांची पावले आपोआप मंदावली. येथे टेकडीच्या पायथ्याशी नवी भिंत झाली होती आणि तिच्या कडेचा पट्टा ‘सुशोभित’ करण्यात आला होता. टाकळा नव्हता, रुई नव्हती, गवत नव्हते. बारीक कापलेली एकजात हिरवळ होती आणि चौकोनी छाटलेल्या डुरांटाचे पिवळसर कुंपण होते. छाटणी इतकी नेटकी, की त्याला फूल येण्याची संधीच नव्हती. पाहणारा कोणीही म्हणाला असता, की या वाटेवरचा हाच सर्वांत देखणा भाग. सरांच्या पिशवीत मागील वर्षीचा कागद होता. त्यात या तुकड्यासमोर रेघांची दाटी होती.

दोनशे मीटर चालून झाले. मुलीची पेन्सिल कागदाला लागली नाही. शेवटच्या खुणेशी ती म्हणाली, “सर, इथे काहीच नाही. मी ही जागा तशीच सोडू?”

“नाही. शून्य लिही.”

“पण काही दिसलेच नाही.”

“म्हणूनच लिहायचे. जागा कोरी सोडलीस, तर वाचणाऱ्याला वाटेल आपण इथे आलोच नाही. शून्य लिहिलेस, तर त्याला कळेल की आपण आलो, पाहिले आणि नव्हते.”

एका विद्यार्थ्याने सुचवले, की थोडे मागे जाऊन पुन्हा चालून पाहावे, एखादे तरी दिसेलच. सरांनी मान हलवली. जेथे पुष्कळ दिसले तेथे आपण दुसऱ्यांदा चाललो नव्हतो. आवडता आकडा मिळेपर्यंत मोजत राहणे याला मोजणे म्हणत नाहीत. शेठजी आतापर्यंत मागे मागे चालत होते. ते पुढे आले आणि नातीला म्हणाले, “दुकान उघडले आणि दिवसभर गिऱ्हाईक आले नाही, तरी रोजमेळात त्या तारखेचे पान असते. लिही.” मुलीने शून्य काढले. ते तिने जरा मोठेच काढले.

चौथ्या तुकड्यात एक ओढा वाट ओलांडून जातो. त्याच्या काठच्या चिखलावर फुलपाखरांचा मेळाच भरला होता. कॉमन एमिग्रंट, कॉमन गल आणि बोटाच्या पेरापेक्षाही लहान निळी फुलपाखरे सोंडा लावून ओल शोषत होती. फुलांतील मधात साखर भरपूर असते, पण क्षार फार थोडे. ते या चिखलातून मिळतात. बहुधा नरच येथे जमतात आणि मिळवलेल्या क्षारांचा वाटा मीलनाच्या वेळी मादीला देतात. तो पुढे अंड्यांच्या उपयोगी पडतो. एवढी दाटी मोजायची कशी, हा प्रश्न होता. लांबूनच छायाचित्र घेतले गेले, नंतर पडद्यावर एकेक मोजून आकडा लिहिला गेला. त्यासाठी त्यांना उठवून लावण्याची गरज पडली नाही.

त्याच वेळी ओढ्यापलीकडून, झाडांच्या शेंड्यांवरून, हातभर रुंद वाटावे असे काळे-निळे फुलपाखरू डौलात निघून गेले. “नीलवंत!” मुलगी जवळजवळ ओरडलीच. राज्याचे फुलपाखरू, तेही पहिल्याच दिवशी. पेन्सिल कागदाकडे गेली आणि थबकली. ते चौकटीच्या फार बाहेर होते. तिने सरांकडे पाहिले. सर काही बोलले नाहीत. मग तिने कागद उलटला आणि मागच्या बाजूस, जेथे बेरीज होत नाही, तेथे ‘नीलवंत, एक, ओढ्यापलीकडे, चौकटीबाहेर’ असे लिहिले. दिवसभरातले सर्वांत सुंदर दर्शन एकूण संख्येत धरले गेले नाही. त्या बारा वर्षांच्या मुलीला हे आतून पटले होते, की केवळ शिस्त म्हणून तिने ते मान्य केले होते, हे सांगता येणार नाही. पण तिने ते केले.

पाचवा तुकडा जुन्या झाडांतून जातो. वड, उंबर, एक बहावा आणि काही आंब्याची झाडे. एका आंब्याच्या फांदीवर बांडगूळ वाढले होते आणि त्याच्याभोवती पिवळ्या-लाल नक्षीचे कॉमन जेझेबेल घिरट्या घालत होते. मराठीत त्याला ‘हळदीकुंकू’ म्हणतात. त्याचा सुरवंट बांडगुळावर वाढतो. ज्याच्या नावाने आपण परोपजीवी माणसाला हिणवतो, ती वनस्पती कोणाची तरी अन्नपूर्णा आहे.

साडेअकराला गणना संपली. वडाखाली बसून बेरजा झाल्या. सुमारे दोन डझन जाती नोंदल्या गेल्या होत्या. त्यांत दुर्मीळ म्हणावी अशी एकही नव्हती. मुलगी काहीशी हिरमुसली. सरांनी तिला समजावले, की दुर्मीळ फुलपाखरू दिसणे हे नशीब, साधी फुलपाखरे नेमाने मोजणे हे काम. पिवळ्या ग्रास यलोसारखी जात कमी होऊ लागली, तर आधी कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण ती ‘असतेच’ असे सगळे धरून चालतात. आजच्या एका कागदावरून काहीही सिद्ध होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. एखाद्या वर्षी पाऊस लांबतो, एखाद्या दिवशी आभाळ येते. दहा वर्षांचे कागद एकाखाली एक ठेवल्यावर मात्र ते बोलू लागतात. तेवढा काळ त्याच वाटेवर, त्याच वेळी कोणी तरी चालत राहिले पाहिजे.

शेठजींनी तेव्हा मनात घोळत असलेला प्रश्न विचारला. शहराबाहेर त्यांचे गोदाम आहे. त्यामागे अर्धा एकर मोकळी जागा आहे. पावसाळा संपला की ते दर वर्षी तेथे तणनाशक फवारून घेतात. “सापाची भीती असते, आग लागण्याची असते, आणि जागा नीटनेटकी दिसावी असेही वाटते. मग आम्ही करावे तरी काय?”

सरांनी त्यांना दोष दिला नाही. गोदामाच्या भिंतीलगतची जागा मोकळी ठेवलीच पाहिजे, ते म्हणाले. पण कुंपणाच्या कडेचा पट्टा राखता येईल. फवारणीऐवजी कापणी करावी, आणि तीही एकाच दिवशी सगळी नव्हे. अर्धा भाग आज, उरलेला दीड-दोन महिन्यांनी. अंड्यापासून सुरवंट, कोष आणि पंख हा प्रवास बहुतेक साध्या जातींत काही आठवड्यांत पुरा होतो. तेवढी सवड मिळाली की एका भागातील जीव दुसऱ्या भागात जाऊ शकतात. शेठजींनी मान डोलावली. मग त्यांनी हिशेबी माणसाचा पुढचा प्रश्न केला, “आणि फरक पडला की नाही, हे कळणार कसे?” सरांनी हसून कोरा छापील कागद त्यांच्यापुढे सरकवला. तो शेठजींनी घडी घालून खिशात ठेवला.

ज्यांच्याकडे अर्धा एकर नाही, केवळ गॅलरी आहे, त्यांनाही यात भाग घेता येतो. विकत आणलेली संकरित, दुहेरी पाकळ्यांची फुले शोभेला चांगली असतात, पण त्यांतील बहुतेकांत मध नसतो आणि त्यांची पाने आपल्या सुरवंटांना चालत नाहीत. फुलपाखरू हवे असेल तर आधी सुरवंटाची सोय पाहावी लागते. लिंबू आणि कढीपत्ता यांवर लाइम व कॉमन मॉरमॉन येतात, निळ्या चित्रकावर झेब्रा ब्लू येते, कण्हेरीवर कॉमन क्रो येते, खोट्या अशोकावर टेल्ड जे येते. यांतील एखादी कुंडी बहुतेक घरांत असतेच.

तेव्हा कढीपत्त्याची पाने एखाद्या सकाळी कुरतडलेली दिसली आणि त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही चिकटलेले आढळले, तर लगेच झटकू नये. ते बहुधा लाइम किंवा मॉरमॉनचे बाल्य असते. तो वेष त्याने पक्ष्यांना फसवण्यासाठी घेतलेला असतो. पुढे ते हिरवे होते, मोठे होते, आणि एक दिवस दिसेनासे होते. फोडणीला चार पाने कमी पडतील इतकाच त्याचा खर्च. झाडाला पुन्हा पालवी फुटते. घरातल्या मुलाच्या हाती एक वही द्यावी आणि कोणत्या तारखेला काय दिसले हे त्याला लिहू द्यावे. ज्या दिवशी काही दिसणार नाही, त्या दिवशीही.